अंगावरचे दूध आणि दुधाचे वावडे

अंगावर पिणाऱ्या दोन महिन्यांच्या मुलाच्या शौचात बुळबुळीत आव व रक्ताचे एकदोन तंतू दिसले, की अनेक घरांत तात्काळ निर्णय होतो : आईचे दूध बाधले, ते बंद करा. मूल हसतखेळत असते, वजनही वाढत असते. तरी त्याच्या तोंडी बाटली येते. त्या बाटलीत बहुधा गाईचे दूध, किंवा गाईच्याच दुधाची भुकटी असते. ज्या पदार्थाविषयी संशय घ्यावयाचा, तो पूर्वी मुलापर्यंत लेशमात्र पोहोचत होता. आता तो पेलाभर पोहोचू लागतो. दुधाच्या पर्यायांची जाहिरात करण्यास १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. शेजारणीच्या सल्ल्याला मात्र कोणताच कायदा लागू होत नाही.

वस्तुतः यात दोष आईच्या दुधाचा नसतो. गाईच्या दुधात दर १०० मिलिलिटरमागे सुमारे ३.३ ग्रॅम प्रथिने असतात. त्यांपैकी चारपंचमांश केसीन असते व उरलेली निवळीत असतात. निवळीतील बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे प्रथिन मानवी स्तनात तयारच होत नाही. परंतु आईने दूध-दही खाल्ले असता त्याचा अत्यल्प अंश न पचता रक्तात जातो व तेथून तिच्या दुधात उतरतो. हा अंश नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या अब्जांशात मोजावा लागतो. बहुतेक मुलांना त्याची दखलही नसते. एखाद्या मुलाची प्रतिकारयंत्रणा मात्र त्याला शत्रू समजते, मोठ्या आतड्याचे अस्तर सुजते आणि रक्त झिरपते.

येथे दुग्धशर्करेचा प्रश्न नसतो, हे स्पष्ट सांगितले पाहिजे; कारण हा घोटाळा सुशिक्षितांतही आढळतो. आईच्या दुधात दर १०० मिलिलिटरमागे सुमारे ७ ग्रॅम दुग्धशर्करा असते, म्हणजे गाईच्या दुधाहून अधिक. ती स्तनातच तयार होते व आईच्या खाण्याने कमीजास्त होत नाही. म्हणून आईने दुग्धशर्करा काढलेले दूध घेण्यात काही अर्थ नाही. म्हशीच्या व शेळीच्या दुधातील प्रथिने गाईच्या दुधातील प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती आहेत की तो पालटही व्यर्थ ठरतो. उकळल्यानेही केसीन नाहीसे होत नाही.

हा विकार आहे, पण विरळा आहे. डेन्मार्कमधील ओडेन्से येथे १९८५ साली जन्मलेल्या १७४९ अर्भकांवर वर्षभर लक्ष ठेवण्यात आले. त्यांपैकी केवळ ९ मुलांना निव्वळ अंगावर पीत असताना हे वावडे आढळले. त्या नवाही मुलांना जन्मानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत बाहेरचे दूध पाजले गेले होते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मूल रडते म्हणून वावडे, हा तर्कही टिकत नाही. दीड महिन्याच्या सुमारास निरोगी मुलेही सर्वांत जास्त रडतात. रक्त गुदद्वाराशी पडलेल्या चिरेमुळेही येते. मात्र मूल मलूल झाले, हिरवी ओकारी झाली, पोट फुगले किंवा रक्त पुष्कळ पडले, तर तेथे आहाराचे प्रयोग न करता त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे.

निदानाचा विश्वासार्ह मार्ग साधा आहे. वैद्याच्या सल्ल्याने आईने दोन ते चार आठवडे दूध, दही, ताक, पनीर, खवा आणि दुधाची भुकटी घातलेली बिस्किटे पूर्णपणे वर्ज्य करावीत. तुपात प्रथिनांचा किंचित अंश राहतो, म्हणून तेवढ्या काळापुरते तेही टाळावे. स्तनपान चालूच ठेवावे. मुलाची प्रकृती सुधारली, म्हणजे आईने पुन्हा दूध घेऊन पाहावे. लक्षणे परतली तरच वावडे सिद्ध झाले.

नेमकी ही दुसरी पायरी सर्वत्र गाळली जाते, आणि ती चूक पहिल्या चुकीइतकीच गंभीर मानली पाहिजे. मूल बरे झाले, मग विषाची परीक्षा कशाला, असे म्हटले जाते. परंतु असे रक्त पुष्कळदा आपोआपही थांबते. श्रेय मात्र पथ्याला मिळते. मग संशयाने डाळ, गहू, अंडी, शेंगदाणे एकेक करून सुटत जातात आणि बाळंतीण महिनोन्महिने भात व मुगाच्या पाण्यावर राहते. शाकाहारी स्त्रीला ब-१२ जीवनसत्त्व मुख्यतः दुधातूनच मिळते. ते तुटले तर तिच्या दुधातही ते कमी पडते आणि मुलाच्या मेंदूची वाढ खुंटण्याचा धोका निर्माण होतो. रक्ताच्या दोन तंतूंपेक्षा हा धोका कितीतरी मोठा आहे.

म्हणून ज्या मातेचे पथ्य सकारण ठरले, तिला ब-१२ ची व चुन्याची गोळी देणे हा उपचाराचाच भाग समजावा. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठातून सुमारे ३५० मिलिग्रॅम चुना मिळतो. तीळ व काट्यांसह खाल्ली जाणारी बारीक मासळीही उपयोगी पडते. परंतु स्तनदा मातेची रोजची गरज १००० मिलिग्रॅमहून अधिक असल्याने केवळ भाकरीवर भिस्त ठेवता येत नाही.

पथ्य जन्मभराचेही नसते. या प्रकारची बहुतेक मुले वर्षाच्या आसपास दूध सहन करू लागतात. तेव्हा वैद्याच्या सल्ल्याने त्यांना थोडेथोडे देऊन पाहता येते. दूध पोटात जाताच ज्यांच्या अंगावर गांधी उठल्या किंवा ज्यांना धाप लागली, त्यांचे वावडे निराळ्या जातीचे असते. त्यांना पहिला घोट रुग्णालयातच द्यावा लागतो.