गणित कशासाठी, हे नववीतच सांगा

मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, पुणे
यांस,



दहावीचा निकाल लागला की अकरावीच्या प्रवेशाची घाई सुरू होते आणि पंधरा-सोळा वर्षांची कितीतरी मुले एकच निश्चय करून बसतात: आता गणित नको. कला शाखेत गेले की ते सुटते, वाणिज्य शाखेत ते सोडता येते. मुलाने आवडीने शाखा निवडली तर आनंदच आहे. पण माध्यमिक शाळेत गणित शिकवताना मला दिसते ते वेगळे. बरीच मुले शाखा निवडत नाहीत, गणित टाळतात. ते टाळल्याने पुढच्या कोणत्या वाटा अवघड होतील, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

"बाई, याचा पुढे उपयोग काय?" हा प्रश्न वर्गात हमखास येतो. त्याची दोन ठरलेली उत्तरे आहेत. एक, पेपरात येते म्हणून. दुसरे, इंजिनियर व्हायचे असेल तर लागते म्हणून. दुसरे उत्तर जास्त नुकसान करते, कारण ज्याला इंजिनियर व्हायचे नाही तो मुलगा त्याच दिवशी वही मिटतो.

त्रिकोणमितीचेच घ्या. दहावीच्या पुस्तकात आपण झाडाची उंची आणि दीपगृहापासून जहाजाचे अंतर काढतो. पण आयटीआयमध्ये टर्नर झालेला मुलगा भोसरीच्या वर्कशॉपमध्ये लेथवर उभा राहतो, तेव्हा त्याच्या हातात जॉब येतो तो असा: एका टोकाला व्यास 40 मिलिमीटर, दुसऱ्या टोकाला 30, मधली लांबी 50. हा टेपर काढायला कंपाउंड स्लाइड किती अंशांत फिरवायची? व्यासांतल्या फरकाला लांबीच्या दुपटीने भागायचे. उत्तर 0.1 येते. ज्या कोनाचे टॅन गुणोत्तर 0.1 आहे, तो कोन सुमारे 5 अंश 43 मिनिटे. स्लाइड तेवढी फिरवायची. कोन चुकला तर जॉब स्क्रॅपमध्ये जातो. ज्या मुलांना आपण "तुला कुठे गणित लागणार, तू आयटीआयला जा" असे सांगतो, त्यांना त्रिकोणमिती पहिल्या वर्षीच गाठते.

परिचारिकेचे काम पाहा. 500 मिलिलीटर सलाईन 4 तासांत द्यायचे आहे आणि सेटमधून 1 मिलिलीटरला 20 थेंब पडतात, तर मिनिटाला थेंब किती? सुमारे 42. हे साधे प्रमाण आहे, पण ते रुग्णाच्या खाटेशी उभे राहून, न चुकता करावे लागते. सैन्यात अधिकारी होण्याचे स्वप्न पाहणाऱ्या मुलामुलींना एनडीएच्या लष्करी विभागासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते, मात्र लेखी परीक्षेत 300 गुणांचा गणिताचा पेपर सर्वांनाच असतो. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत अंकगणित आहे. कला शाखेतून मानसशास्त्राकडे किंवा अर्थशास्त्राकडे वळणाऱ्यांपुढे सांख्यिकी पुन्हा उभी राहतेच.

प्रत्येकाने गणितच घ्यावे, असे माझे म्हणणे नाही. काही मुलांना हा विषय खरोखर जड जातो आणि त्यांची वाट अडू नये. गणित-विज्ञानात 35 ऐवजी 20 गुणांवरही, गुणपत्रिकेवर शेरा देऊन, पुढे जाऊ देण्याची तरतूद 2024 मध्ये चर्चेत आली, तिच्यामागे हीच कळकळ होती. पण शेरा निकालानंतर हाती पडतो. त्या शेऱ्याचा अर्थ मुलाला आधी, अभ्यास करायला वेळ असताना कळायला हवा.

कामधंद्यातून गणित शिकवणे आपल्या मातीला नवीन नाही. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, 1150 मध्ये, व्याजाची गणिते आहेत, सोन्याच्या कसाची आहेत, धान्याच्या राशीची आहेत आणि लाकूड कापणाऱ्याच्या करवतीचीही आहेत. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापन केला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणे येथे आहे. आजच्या दहावीच्या पुस्तकातही 'अर्थनियोजन' या प्रकरणात जीएसटी, शेअर्स आणि म्युच्युअल फंड आले आहेत. हीच दृष्टी बाकीच्या प्रकरणांना मिळावी.

मंडळाकडे माझ्या तीन विनंत्या आहेत.

पहिली: गणिताच्या अंतर्गत मूल्यमापनाच्या 20 गुणांपैकी काही गुण एका भेटीसाठी ठेवावेत. नववीत प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावातल्या किंवा वस्तीतल्या एका कामकऱ्याला भेटावे. सुतार, शिंपी, परिचारिका, भूमापक, कृषी सेवा केंद्राचा चालक, कोणीही चालेल. त्यांच्या कामातले एक खरे गणित लिहून आणावे आणि वर्गात सोडवून दाखवावे. याला पैसा लागत नाही आणि खेड्यातली शाळा यात शहराच्या मागे पडत नाही.

दुसरी: नववीच्या सुरुवातीला प्रत्येक घरी मराठीत एक साधा तक्ता पोहोचवावा. कोणत्या अभ्यासक्रमाला, भरतीला आणि व्यवसायाला किती गणित लागते, ते त्यात असावे. मंडळाने 2016 पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली. कल कळला तरी तिथवर जायला काय लागते, हे कळणे उरतेच.

तिसरी: दहावीच्या गणिताच्या दोन्ही प्रश्नपत्रिकांत दरवर्षी निदान एक प्रश्न अशा खऱ्या कामातला यावा. पेपरात येते ते वर्गात शिकवले जाते, हे आपण सारे जाणतो.

गणित सोडणारी मुले पुढेही असतील. त्यांनी ते माहितीने सोडावे, भीतीने नव्हे, इतकी व्यवस्था मंडळाच्या हातात आहे. येत्या शैक्षणिक वर्षात निदान पहिली विनंती अमलात आणावी, ही मनापासून प्रार्थना.

आपली नम्र,
माध्यमिक शाळेतील एक गणित शिक्षिका