धरण अडवते, म्हणून?

समुद्रातल्या सूक्ष्म प्लॅस्टिकचा विषय निघाला की निफाड तालुक्यात एक उत्तर तयार असते: तो किनाऱ्याचा प्रश्न, मच्छीमारांच्या जाळ्यांचा. गोदाकाठच्या सायखेड्याचा काय संबंध?

जाळ्यांचा वाटा मी नाकारत नाही. पण थेट कणांच्या रूपात समुद्रात जाणाऱ्या प्लॅस्टिकचा आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेने 2017 साली मांडलेला अंदाज असा: सुमारे 35 टक्के कृत्रिम कपड्यांचे तंतू, 28 टक्के टायरची झीज. कपडे आणि टायर काही किनाऱ्यावरच वापरले जात नाहीत.

खरा वजनदार आक्षेप वेगळाच आहे. गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते, हजारावर किलोमीटर दूर; वाटेत नांदूर मधमेश्वरचा बंधारा आणि जायकवाडीचे धरण. आपले कण तिथेच गाळात बसणार, समुद्रापर्यंत जाणार किती? हे बऱ्याच अंशी पटण्यासारखे आहे. हलके प्लॅस्टिकही शेवाळ आणि माती चिकटली की तळाला जाते. पण यातून आपली सुटका कशी होते? नांदूर मधमेश्वर पाणथळ जागांच्या रामसर यादीत आल्याचे 2020 साली जाहीर झाले, महाराष्ट्रातले पहिले. जायकवाडीचे पाणी छत्रपती संभाजीनगर पिते. समुद्र वाचला असे म्हणताना आपण पाखरांच्या आणि शेजाऱ्यांच्या पाण्यात तेच प्लॅस्टिक साठवत असतो. आणि 2016 किंवा 2019 सारखा पूर आला, सायखेडा-चांदोरीत पाणी शिरले, की शिवारातले सैल पडलेले सगळे नदीच्या हवाली होते.

शिवारात काय असते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. टोमॅटोखालचा प्लॅस्टिकचा फाटका मल्चिंग पेपर, ठिबकच्या जुन्या नळ्या, द्राक्षबागेतली सुतळी, कांद्याच्या जाळीदार गोण्या. उन्हाने ठिसूळ झालेला पेपर रोटाव्हेटरखाली आला की त्याचे तुकडे वेचणे कोणालाच जमत नाही.

म्हणून शेतकऱ्याला गुन्हेगार ठरवणे मात्र मला मान्य नाही. मल्चिंगमुळे पाणी वाचते, तण कमी होते. सरकारच त्यासाठी अनुदान देते. पण वापरून झालेला पेपर द्यायचा कुठे? वापरलेले प्लॅस्टिक गोळा करण्याची उत्पादकांवर 2022 साली टाकलेली जबाबदारी वेष्टनाच्या प्लॅस्टिकची आहे, आणि मल्चिंग पेपर वेष्टन नव्हे. विकणाऱ्यानेच तो परत घ्यावा, अनुदानाचा काही भाग परतीच्या पावतीवर मिळावा, आणि सायखेड्याच्या उपबाजारात कांद्याच्या वजनकाट्याशेजारी त्याचाही काटा असावा. पेपर फाटण्याआधी, हंगाम संपताच.