दूरचा अन्याय, दारातला अन्याय

पेशवाईच्या अखेरीस खानदेशात भिल्ल म्हणजे लुटारूच, असे धरून सरसकट कत्तली झाल्या. पुढे 1825 मध्ये जेम्स औट्रमने त्याच भिल्लांची पलटण उभारली आणि तिचे ठाणे धरणगावात बसवले. राज्यकर्त्याची गरज बदलली की कालचा जन्मजात गुन्हेगार आज इमानी शिपाई ठरतो, हे या गावाने तेव्हाच पाहिले. तरीही 1871 मध्ये इंग्रजांनी अख्ख्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारणारा कायदा केलाच.

जन्मावरून संशय घेण्याची ही रीत दूरवरही होती. डिसेंबर 1894 मध्ये फ्रान्सच्या लष्करी न्यायालयाने आल्फ्रेड ड्रेफस या ज्यू कॅप्टनला हेर ठरवले, तेही बचावपक्षाला न दाखवलेल्या कागदांच्या आधारे. ज्या चिठ्ठीवरून आरोप झाला तिचे हस्ताक्षर एस्टरहाझी या दुसऱ्याच अधिकाऱ्याचे, हे लष्करातल्याच कर्नल पिकारला 1896 मध्येच उमगले. लष्कराने पिकारलाच आफ्रिकेत धाडले. 9 सप्टेंबर 1899 रोजी रेन येथील फेरखटल्यात ड्रेफस पुन्हा दोषी ठरला, तेव्हा मात्र परदेशांत आग भडकली. लंडनच्या हाइड पार्कात निषेधसभा भरली, 1900 च्या पॅरिस प्रदर्शनावर बहिष्काराची हाक उठली, नॉर्वेच्या एडवर्ड ग्रीगने पॅरिसचे निमंत्रण परतवले. खुद्द व्हिक्टोरिया राणीने आपल्या सरन्यायाधीशांना खटला पाहायला पाठवले होते. ही चीड ढोंगी म्हणता येणार नाही. दहा दिवसांत मिळालेल्या माफीत तिचा वाटा होताच. निर्दोषत्व मात्र 1906 पर्यंत लांबले.

पण याच राणीच्या राज्यात, 1897 मध्ये, पुण्याच्या नातू बंधूंना 1827 च्या जुन्या रेग्युलेशनखाली खटल्याविना डांबले गेले, आणि त्यांच्यासाठी हाइड पार्क काही भरला नाही. उलट 1911 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानावर पसरला. तो रद्द व्हायला 1952 उजाडले.

कायदा गेला, तपासाची सवय राहिली. नाशिक भागातील 2003 च्या दरोडा-खून खटल्यात भटक्या जमातींतले सहा जण पकडले गेले. जखमी साक्षीदार बाईने पोलिसांकडच्या फोटोंतून दुसऱ्याच चौघांना ओळखले होते. एस्टरहाझीप्रमाणे त्यांच्याकडेही काणाडोळा झाला. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली, आणि 5 मार्च 2019 रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. त्यांतला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. प्रत्येकी पाच लाखांची भरपाई ठरली.

ड्रेफसकडे हुद्दा होता, झटणारा भाऊ होता, झोलासारखा लेखक पाठीशी होता. या सहांसाठी लंडन-पॅरिस सोडाच, नाशकात किंवा धरणगावातही मोर्चा निघाल्याचे आठवत नाही.