स्वस्त ट्रेकचं वजन कुणाच्या पाठीवर?

दिवाळीच्या सुट्टीतल्या नेपाळच्या बॅचेस भरायला लागल्या आहेत, म्हणून हे आत्ताच लिहितोय. पैसे भरून झाल्यावर वाचून उपयोग नाही. पोस्ट मोठी आहे आणि गोड अजिबात नाही. आपल्या नाशिकच्या ट्रेकिंग ग्रुपमधले काही जण नाराज होतील. होऊ देत.

माझं म्हणणं सरळ आहे. एव्हरेस्ट बेस कॅम्प किंवा अन्नपूर्णा "सगळ्यात स्वस्तात करून देतो" म्हणणारा आयोजक ते पैसे हवेतून वाचवत नाही. पोर्टरच्या पाठीवरून वाचवतो. आणि हे आपल्याला कळत नाही असंही नाही. आपण विचारत नाही, एवढंच.

हिशेबच करू. लुक्ल्याच्या विमानाचं भाडं सगळ्या आयोजकांना जवळपास सारखंच पडतं. परमिटची फी सरकारी, तिथे कुणाची ओळख चालत नाही. उलट सार्क देशातले म्हणून आपल्याला आधीच सवलत आहे. अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्रात बाकी परदेशी माणूस ३,००० नेपाळी रुपये भरतो, आपण १,०००. सगरमाथा राष्ट्रीय उद्यानात तो ३,००० भरतो, आपण १,५००. व्हिसा लागत नाही. आपले १०० म्हणजे त्यांचे १६०, हा दर कित्येक वर्षं बांधलेला. लॉजवरच्या खोलीचं भाडं तर किरकोळच असतं, कारण लॉजवाला कमावतो ते जेवणावर. खोली त्याची आणि जेवण दुसरीकडे, असं तिकडे चालत नाही. मग दोन आयोजकांच्या भावात दहा-बारा हजारांचा फरक पडतो कुठून? कापण्यासारखं उरतं काय? गाइड, पोर्टर, विमा आणि मुक्कामाचे दिवस.

दिवसांचं आधी सांगतो, कारण ते तुमच्या स्वतःच्या जिवाशी आहे. लुक्ला २,८६० मीटरवर, बेस कॅम्प ५,३६४ वर. तीन हजारांच्या वर गेलं की झोपायची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हे डॉक्टर वर्षानुवर्षं सांगतायत. म्हणून नामचेला (३,४४०) एक जादा रात्र आणि दिंगबोचेला (४,४१०) एक. स्वस्त बॅचमध्ये यातली एक गुपचूप उडवतात. जेवण वाचलं, मजुरी वाचली आणि वर आपल्या नोकरदार मंडळींची रजाही वाचली. सगळे खूश. वरती डोकं ठणकायला लागलं की म्हणायचं, "पाणी कमी पडलं असेल, लसणाचं सूप घ्या."

आता पोर्टर.

नेपाळमध्ये ट्रेकिंगच्या पोर्टरने ३० किलोपर्यंतच ओझं न्यावं, ही मर्यादा त्या क्षेत्रातल्या संस्थांनी घालून दिलेली आहे. दोन ट्रेकरमागे एक पोर्टर असेल आणि प्रत्येकाची डफल बॅग १२-१३ किलोची असेल, तर पोर्टरचं स्वतःचं सामान धरून गणित कसंबसं बसतं. तीन ट्रेकरमागे एक पोर्टर धरला की बसत नाही. तीन तेरा एकोणचाळीस, वर त्याचं स्वतःचं. ही बेरीज आयोजकाला येते, आपल्यालाही येते. तरी "३:१" वाली बॅच भरते, कारण ती चार हजारांनी स्वस्त असते.

हे ओझं तो पोटपट्ट्याच्या, कुशनच्या सॅकमध्ये नेत नाही. कपाळावरून घेतलेला नाम्लो, म्हणजे एक पट्टा, त्याला बांधलेल्या बॅगा, हातात टेकायला आखूड काठी. सगळा भार मानेवर. लुक्ल्याहून पुढे गाडीरस्ता नाही. जे काही वर जातं ते माणसाच्या पाठीवर, याक-खेचरावर नाहीतर महागड्या हेलिकॉप्टरने. गोरक्षेपला ५,१६४ मीटरवर मॅगीचा भाव ऐकून "लुटतात साले" म्हणणाऱ्या आपल्या बांधवांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं, की ते पाकीट आणि ते शिजवायचा गॅस, दोन्ही कुणीतरी चढवून आणलंय.

मी अन्नपूर्णा बेस कॅम्प आणि एव्हरेस्ट बेस कॅम्प दोन्ही केलेत. दिंगबोचेच्या लॉजवर आपल्याच महाराष्ट्रातला एक सोळा जणांचा ग्रुप भेटला होता. माणसं मस्त, मोकळी. संध्याकाळी डायनिंग हॉलमधल्या शेगडीभोवती बसून त्यांनी चिवडा, शंकरपाळे, थेपले, लसूण चटणी, बेसनाचे लाडू, मेतकूट असं सगळं काढलं. मलाही दिलं, मी खाल्लं. त्यातल्या एका काकांनी कौतुकाने सांगितलं, खाऊच एकूण १८ किलो आणलाय, घरचं खाणं असलं म्हणजे बरं. १८ किलो! मी विचारलं, पोर्टर किती? "पाच." म्हणजे सोळा डफल, अठरा किलो फराळ आणि पाच माणसं. ती पाच माणसं तेव्हा त्याच लॉजच्या मागच्या एका थंड खोलीत होती. त्यातल्या एकाच्या पायात कॅनव्हासचे बूट होते. दुसऱ्याला दोन दिवसांपासून खोकला होता, आणि उद्या लोबुचेला (४,९४०) जायचं म्हणून तो काही बोलत नव्हता. बोलला तर खाली पाठवतील आणि उरलेल्या दिवसांची मजुरी जाईल, ही त्याची भीती. काकांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "अहो, हे शेर्पा लोक, यांना सवय असते."

इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय. शेर्पा ही एक जमात आहे, हुद्दा नाही. पिढ्यान्‌पिढ्या उंचीवर राहिलेल्या शेर्पांचं शरीर विरळ हवेला सरावलेलं असतं, हे खरं. पण खुंबूत आज आपल्या बॅगा वाहणारे बहुतेक पोर्टर शेर्पा नाहीतच. राई, तामाङ, मगर अशा समाजांतली, खालच्या डोंगरांतून कामासाठी वर आलेली पोरं आहेत ती. त्यांना उंची लागते. तुम्हाला-मला लागते तशीच. फरक एवढाच, की आपल्याला डोकं दुखलं तर आपण डायमॉक्स घेतो, फोटो टाकतो, विश्रांती मागतो. त्याने विश्रांती मागितली तर त्याची मजुरी बुडते.

१९९७ मध्ये नेपाळमध्येच एक तरुण पोर्टर असा आजारी पडला. ग्रुपने त्याचा हिशेब करून त्याला एकट्याला खाली पाठवलं आणि तो मेला. त्या मृत्यूनंतर इंटरनॅशनल पोर्टर प्रोटेक्शन ग्रुप ही संस्था उभी राहिली. पोर्टरला त्या उंचीचे कपडे-बूट हवेत, झोपायला आडोसा हवा, विमा हवा, आजारी पडला तर भाषा कळणारा माणूस सोबत देऊन खाली न्यावं, ट्रेकरला जे उपचार मिळतात तेच त्यालाही मिळावेत, एवढंच ती सांगते. पंचवीसहून जास्त वर्षं झाली आणि आपण अजून "सवय असते" वर आहोत.

आणि हे फक्त नेपाळपुरतं नाही. जुलै २०२३ मध्ये पाकिस्तानात के-टूवर, शिखराखालच्या बॉटलनेकमध्ये एक पाकिस्तानी पोर्टर पडून मरणपंथाला लागला आणि त्याला ओलांडून लोक शिखराकडे गेले, ते व्हिडिओ जगाने पाहिले. आपल्याकडे केदारनाथच्या वाटेवर पाठीवरच्या कंडीतून यात्रेकरू वाहणारे कित्येक जण नेपाळी मजूरच असतात. एप्रिल २०१४ मध्ये खुंबू हिमप्रपातात १६ नेपाळी कामगार गेले, तेव्हा सरकारने तातडीची मदत म्हणून जाहीर केले ४०,००० नेपाळी रुपये. म्हणजे आपले २५,०००. त्यावर कामगारांनी डोंगर बंद पाडला, तेव्हा कुठे शिखरावर जाणाऱ्यांच्या विम्याची किमान रक्कम दहा लाखांवरून पंधरा लाख झाली. भांडल्याशिवाय काही मिळालेलं नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हुदहुद चक्रीवादळाच्या शेपटाने अन्नपूर्णा सर्किटवर थोराँग ला (५,४१६) परिसरात बर्फ कोसळलं आणि किमान ४३ माणसं गेली. ट्रेकर गेले, तसे गाइड, पोर्टर, याक राखणारेही गेले. ऑक्टोबर म्हणजे आपल्या दिवाळीचाच सीझन, लक्षात असू द्या. अशा वेळी मागे वळायचं की पुढे रेटायचं, हे ठरवणारा गाइड अनुभवी आहे की पहिल्यांदाच आलेला पोरगा आहे, हे तुमच्या त्या वाचवलेल्या चार हजारांत ठरलेलं असतं.

स्वस्ताईचा आणखी एक प्रकार. २०१८ मध्ये नेपाळ सरकारच्या चौकशीत हेलिकॉप्टर बचावाचा घोटाळा बाहेर आला. ट्रेक तोट्यात विकायचा, वर गेल्यावर साधी डोकेदुखी असली तरी ट्रेकरला घाबरवून हेलिकॉप्टरमध्ये घालायचं आणि विमा कंपनीला लावलेल्या बिलातून कमिशन काढायचं. काहींनी तर आजारी पडावं म्हणून जेवणात खायचा सोडा मिसळल्याचे आरोप झाले. म्हणजे भाव पाडला की तो कुठून ना कुठून वसूल होतोच. पोर्टरकडून नाही तर तुमच्या विम्यातून.

आता हमखास येणारा प्रश्न. "आम्ही मध्यमवर्गीय आहोत, पैसेवाल्यांनीच डोंगर बघायचे का?"

नाही हो. माझा राग कमी पैशात फिरणाऱ्यावर मुळीच नाही. स्वतःची सॅक स्वतःच्या पाठीवर घेऊन, काठमांडूहून बसने धक्के खात जाणारा, लॉजवर तीन वेळा डाळ-भात खाणारा पोरगा किंवा पोरगी मला कधीही जास्त प्रिय. तो जे काही खर्च करतो ते त्या लॉजवाल्या दिदीच्या हातात पडतं. त्याने काटकसर स्वतःच्या सुखात केलेली असते. गरम पाण्याची आंघोळ नाही, वायफाय नाही, चहा दोनऐवजी एक. ही काटकसर. दुसऱ्याच्या मजुरीत केलेल्या काटकसरीला आपल्या भाषेत वेगळा शब्द आहे.

एप्रिल २०२३ पासून नेपाळने परदेशी ट्रेकरला परवानाधारक गाइड सक्तीचा केला, त्यावर आपल्याकडच्या सोलो मंडळींनी खूप आरडाओरडा केला. खुंबूच्या स्थानिक पालिकेने तर तो नियम आपल्याकडे लागू करणार नाही अशीच भूमिका घेतली. माझं मत विचाराल तर एकटं जाऊन हरवणाऱ्यांचं प्रमाण पाहता गाइड असावाच. पण तो एजन्सीमार्फतच घ्यायचा, ही अट मला पटत नाही. एजन्सीकडे गेलेला पैसा गाइडच्या हातात किती पोचतो हे ट्रेकरला दिसतच नाही. मी एव्हरेस्टला गेलो तेव्हा पोर्टरचे दिवसाला २,२०० नेपाळी रुपये ठरले होते, म्हणजे आपले १,३७५, आणि त्यातच त्याचं खाणं-झोपणं. त्याला विचारल्यावर कळलं की हातात येणार होते त्याहून कमी. मधले कुठे गेले हे त्यालाही नक्की माहीत नव्हतं, आणि मला ज्याने बॅच विकली त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

ही सवय आपल्याला इथूनच लागते, हेही बोललं पाहिजे. हरिहरच्या पायऱ्यांवर रविवारी मुंगीला जागा नसते, कारण नऊशे रुपयांत बस, नाश्ता, जेवण, "एक्स्पर्ट लीडर" आणि सर्टिफिकेट. त्या नऊशेत पायथ्याच्या गावात पिठलं-भाकरी करणाऱ्या मावशींना ताटामागे किती मिळतात, हे एकदा मावशींनाच विचारा. आयोजकाला नको. तिथे घासाघीस करून वीस रुपये कमी केल्याचा जो आनंद आहे ना, तोच पुढे लुक्ल्याला जातो.

तर ज्यांनी बुकिंग केलंय किंवा करणार आहात, त्यांनी आयोजकाला फोन लावा आणि विचारा. पोर्टर किती, आणि ओझं काट्यावर तोलणार की अंदाजाने? त्याचा विमा आहे का, कितीचा, पॉलिसीचा कागद दाखवता का? तो आजारी पडला तर त्याच्यासोबत खाली कोण जाणार, आणि उरलेल्या दिवसांची मजुरी मिळणार का? "ते आमचा नेपाळचा पार्टनर बघतो" हे उत्तर आलं, तर त्याला यातलं काही माहीत नाही असं समजा. स्वतःची पॉलिसीही नीट वाचा, बऱ्याच प्रवास विम्यांत ठरावीक उंचीच्या वरचं काही धरलेलंच नसतं. बॅग घरी वजनकाट्यावर ठेवा. दहा किलोच्या वर जाते तेव्हा त्यातलं निम्मं तुम्ही वर उघडणारसुद्धा नाही, हे मी लिहून देतो. फराळ न्या, पण स्वतःच्या सॅकमध्ये.

आणि टीप द्यायची ती शेवटच्या संध्याकाळी लुक्ल्यातच, ज्याने ओझं वाहिलं त्याच्या हातात द्यायची. लीडरकडे गोळा करून नाही.