वाण्याची यादी आणि आय-सेव्हन

आपल्याला कंप्युटर घ्यायचा आहे ही गोष्ट चारचौघांत बोलू नये. खोकला झालाय म्हटलं की जसा प्रत्येकाला एक काढा आठवतो, तसं कंप्युटर म्हटलं की प्रत्येकाला एक मॉडेल आठवतं. पण काढा सांगणारा निदान 'कोरडा की ओला?' एवढं तरी विचारतो. कंप्युटर सुचवणारा 'कशाला हवाय?' असं चुकूनही विचारीत नाही. त्याचा पहिला प्रश्न 'बजेट किती?' आणि आपण आकडा सांगितला की त्यात पंधरा-वीस हजार मिळवूनच तो पुढचं बोलायला लागतो. जणू आपण भिडेखातर कमी सांगितला होता!

आमचं 'कशाला'चं उत्तर अगदी आटोपशीर होतं. माझ्या धाकट्या बहिणीला वर्ड आणि एक्सेल शिकायचं होतं. डोंबिवलीत मसाल्याच्या एका कारखान्यात ती पॅकिंगला आहे. कारखाना म्हणजे दोन गाळे आणि एक पोटमाळा. पोटमाळ्यावर हिशोब लिहिणारे जे गृहस्थ बसतात ते निवृत्त व्हायचे होते, आणि मालक तिला म्हणाले होते, "ताई, तुमचा हिशोब पक्का आहे. तेवढा कंप्युटर शिकून घ्या, वर बसा." वर बसण्यात महिना साडेचार हजारांचा फरक. मेहुण्यांची कंपनी बंद पडल्याला वर्ष झालेलं, भाचा बारावीला. भिशी लागली त्याचे २२ हजार रुपये तिनं डब्यात जपून ठेवलेले. हे सगळं एवढ्यासाठी सांगतो, की पुढे मी जो आवाज चढवणार आहे तो कुणासाठी, हे ध्यानात असावं.

आमच्या वरच्या मजल्यावर एक गृहस्थ आहेत, त्यांचा एक पुतण्या आहे. हा पुतण्या सबंध इमारतीचा कंप्युटर-सल्लागार. तो स्वतः रात्री दोनपर्यंत कंप्युटरवर माणसं मारीत बसतो, तेव्हा अनुभव दांडगा. तो म्हणाला, "आत्या, आय-सेव्हनच्या खाली बघूच नका. ग्राफिक्स कार्ड वेगळं घ्या." मी विचारलं, "एक्सेलमध्ये ग्राफिक्स कार्ड काय करतं?" तो म्हणाला, "काका, तुम्ही जुन्या विचारांचे."

मग स्टेशनाजवळचं एक चकचकीत दुकान. तिथल्या टाय लावलेल्या मुलानं माझ्या बहिणीला 'मॅडम' म्हणून बसवलं, पाणी दिलं, आणि ६४ हजारांचा लॅपटॉप पुढे ठेवला. "एक्सेल हेवी असतं मॅडम. सोळा जीबी तर पाहिजेच. आणि हा फ्युचर-प्रूफ आहे." हप्ते १८, व्याज शून्य टक्के. (या शून्य टक्क्याबद्दल २०१३ साली रिझर्व्ह बँकेनंच बँकांना बजावलं होतं, की शून्य टक्के व्याज अशी काही चीज मुळात नसतेच. पण रिझर्व्ह बँकेला दुकानात कोण पाणी विचारतो!) बहीण माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "दादा, हप्ता साडेतीन हजारांचा. वर बसून मिळणार साडेचार." म्हणजे खुर्ची मिळण्याआधीच खुर्चीचा दीड वर्षाचा पगार त्या टायवाल्याच्या खिशात! आणि खुर्ची नाहीच मिळाली तर?

तर 'एक्सेल हेवी असतं' या वाक्याशी माझं भांडण आहे. हे वाक्य रोज सांगितलं जातं, आणि ज्यांना ते सांगितलं जातं त्यांनाच ते परवडत नाही.

असं बघा. आकड्यांचा पहिला गाजलेला चौकटीचा कागद, व्हिजिकॅल्क, १९७९ साली निघाला. तो ॲपल-टू नावाच्या यंत्रावर ३२ केबी स्मृतीत चालायचा. केबी! त्याच्यावर अमेरिकेतले व्यापारी नफातोट्याचे हिशोब करीत. आज सोळा जीबी म्हणजे त्याच्या सव्वापाच लाख पट जागा. म्हणजे सव्वापाच लाख व्यापाऱ्यांच्या जागेवर आमची बहीण एकटी धने-जिऱ्याची बेरीज करणार, आणि तरी टायवाला म्हणतो, आठ जीबीत अडकेल! खुद्द विंडोज ११ बनवणाऱ्यांनी त्याची किमान गरज ४ जीबी म्हणून छापली आहे. चारात जरा दमछाक होते हे मला मान्य. आठ घ्या, सुखानं नांदा.

आता म्हणाल, कागद केवढा मोठा असतो! असतो ना. एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी असतात. रोज शंभर ओळी भरीत गेलं, रविवार नाही, दिवाळी नाही, तरी पान संपायला अठ्ठावीस वर्षं लागतील. बहीण आज त्रेचाळिशीत आहे. पान उलटायची वेळ येईल तेव्हा ती एकाहत्तर वर्षांची असेल आणि मालकांचा नातू तिचा निरोपसमारंभ करीत असेल. कारखान्याचा खरा पसारा म्हणजे पन्नासेक दुकानदार, सतरा मसाले आणि उधारीची एक वही. याला आय-सेव्हन म्हणजे वाण्याची यादी लिहायला ताम्रपट कोरून घेणं झालं.

आणि तुमचे-आमचे पैसे ज्याच्यावर मोजले जातात ते बँकेतलं यंत्र कधी वाकून पाहिलंय? एमएस-सीआयटीच्या क्लासात ज्यांच्यावर अख्खा महाराष्ट्र पास होतो ती यंत्रं? त्यांच्या कीबोर्डावरची अक्षरं पुसून गेलेली असतात. शिकणारे शिकून गेले, नोकरीला लागले, यंत्र तिथंच आहे.

पैसे घालायचेच असतील तर ते कुठे घालावेत, हे दुकानात कुणी सांगत नाही, कारण तिथं फारसे पैसे लागत नाहीत. पहिली गोष्ट, कीबोर्ड. उजव्या हाताला आकड्यांचा वेगळा चौकोन असलेला, पूर्ण लांबीचा. ज्याला दिवसभर आकडे भरायचे आहेत त्याचं पोट त्या चौकोनावर असतं. पातळ, देखण्या लॅपटॉपांत बहुधा तोच कापून टाकलेला असतो. दुसरी, मॉनिटर. चाळिशी लागलेल्या माणसानं चौदा इंची पडद्यावर एक्सेलची चौकट शोधणं म्हणजे तांदळातले खडे वेचणं. तिसरी, एसएसडी. जुनी फिरती हार्ड डिस्क असली की कंप्युटर सुरू होईस्तोवर चहा होतो, पिऊन होतो, कप विसळून होतात. तिथे एसएसडी बसवली की तेच म्हातारं यंत्र उठून चालायला लागतं. प्रोसेसर आय-फाइव्ह की आय-सेव्हन याची चर्चा यानंतर, आणि खरं म्हणजे नाहीच.

हे सगळं जुन्यात मिळतं. मोठमोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी आपली चांगली चालती यंत्रं काढून टाकतात. ती पुसूनपासून लॅमिंग्टन रोडवर येतात, आणि दुकानदार त्यांना 'रिफर्बिश्ड' म्हणतो. इथे मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात. जुनं म्हटलं की बेरकीपणा आलाच. "आय-फाइव्ह आहे साहेब!" असं तो छाती ठोकून सांगेल. पण आय-फाइव्ह हे आडनाव झालं, जन्मसाल नव्हे. पुढचा आकडा विचारावा. २४०० असेल तर ते दुसऱ्या पिढीचं, २०११ सालचं यंत्र. ८५०० असेल तर आठव्या पिढीचं. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा पाठिंबा मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला, आणि विंडोज ११ रीतसर चालायला इंटेलची आठवी पिढी किंवा तिच्यापुढची लागते. म्हणून आठव्याच्या अलीकडचं घेऊ नये. अगदीच कुणी पाचव्या पिढीचं फुकट दिलं तर नाही म्हणू नये. त्यावर लिनक्स घालावं.

एवढं झालं की दुकानदार खाजगी आवाजात म्हणतो, "ऑफिस टाकून देतो, फ्री." हे फ्री म्हणजे चोरीचं. त्याच्यासोबत काय काय येतं ते आठवड्यानं कळतं, आणि मग तोच दुकानदार आपल्याला ॲण्टिव्हायरस विकतो. चोरी कशाला, जेव्हा रीतसर फुकट मिळतंय? लिबरऑफिस २०१० पासून फुकट आहे. बेरजेचं सम तेच, जर-तरचं इफ तेच, यादीतून नाव हुडकणारं व्हीलुकअप तेच. एक्सेलच्या फायली उघडतं, एक्सेलच्या रूपात जपून ठेवतं. केरळातल्या सरकारी शाळांतली मुलं वर्षानुवर्षं फुकटच्या लिनक्सवर शिकतायत. त्यांना पुढे नोकऱ्या लागत नाहीत असं काही ऐकिवात नाही.

यावर पुतण्या म्हणाला, "पण काका, ऑफिसात खरं एक्सेल असतं. बटणं वेगळ्या जागी असतात." मुद्दा बरोबर आहे. पुतण्याचा पहिला बरोबर मुद्दा म्हणून मी त्याला लाडू दिला. बटणं वेगळ्या जागी असतात खरी, आणि मॅक्रो वगैरे उंची प्रकारांत फरकही पडतो. पण खुद्द मायक्रोसॉफ्टच आपलं एक्सेल इंटरनेटवर, साध्या खात्यावर, फुकट वापरू देतं. सगळं नसतं त्यात, पण बटणांची तोंडओळख व्हायला भरपूर. शेवटचे पंधरा दिवस तिथं सराव केला की झालं. स्वयंपाक आलेल्या बाईला दुसऱ्याच्या घरात मिठाची बरणी शोधायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागेल.

लॅपटॉपवाल्यांची बाजू मला कळत नाही असं नाही. ज्या गावात दिवसातून चार तास वीज जाते तिथे बॅटरी हवीच. एका खोलीत पाच माणसं असली तर टेबल मांडायचं कुठे? मग लॅपटॉप घ्या, पण तोही कंपनीनं काढलेला जुना, आणि जोडीला पूर्ण लांबीचा कीबोर्ड. 'मोबाइलवरच शिक की' म्हणणाऱ्यांची बाजू मात्र मला कळत नाही. मोबाइलवर एक्सेल दिसतं, येत नाही. अंगठ्यानं हार्मोनियम वाजवायला शिकलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

बहिणीचं यंत्र आम्ही लॅमिंग्टन रोडवरून आणलं. आठवी पिढी, आठ जीबी, एसएसडी, बावीस इंची मॉनिटर, आकड्यांच्या चौकोनाचा कीबोर्ड, माऊस आणि दुकानदाराची एक वर्षाची लेखी हमी धरून १८,४०० रुपये. डब्यात ३,६०० राहिले. ग्रँट रोड स्टेशनापर्यंत मॉनिटर मी उचलला, मेहुण्यांनी खोकं. दादरला गाडी बदलताना एका बाईंनी "टीव्ही केवढ्याला पडला?" म्हणून विचारलं.

तिसऱ्या आठवड्यात तिनं सरावाला म्हणून भिशीची वही एक्सेलच्या चौकटीत उतरवली. बेरीज शंभर रुपयांनी वेगळी आली. भिशीच्या बायका म्हणाल्या, जुना कंप्युटर आहे, चुकत असेल. वही तपासली तेव्हा मार्च महिन्यात हातचा एक राहून गेला होता. त्या दिवसापासून भिशीचा हिशोब तिच्याकडे आलाय, आणि मालकांनी पोटमाळ्यावरच्या उधारीच्या वह्या तिला आठवड्यातून दोन दिवस घरी न्यायला दिल्यात.

राहता राहिला प्रिंटर. पुतण्या म्हणतो, प्रिंटर नाही तर सेट पुरा होत नाही. घरचा शाईचा प्रिंटर महिनाभर वापरला नाही की शाई वाळते, आणि नवीन शाईच्या डबीची किंमत ऐकून आपण वाळतो. तिला महिन्याला चार कागद लागतात. ते कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला काढून देतो, आणि वर टाचणीही लावून देतो.