नोंदवहीवर विसंबलेला पहारेकरी

इंटरनेटशी जोडलेला कोणताही सर्व्हर सुरू झाला, की थोड्याच वेळात त्याच्या दारावर अनोळखी थापा पडू लागतात. ‘रूट’, ‘अ‍ॅडमिन’, ‘टेस्ट’ अशी ठरावीक नावे आणि त्यांच्या जोडीला सर्रास वापरले जाणारे पासवर्ड एकामागून एक टाकून पाहिले जातात. हे काम कोणी माणूस रात्र जागवून करीत नाही, तर त्यासाठी लिहिलेले प्रोग्रॅम अहोरात्र करीत असतात. २०१६ मध्ये ‘मिराई’ या प्रोग्रॅमने नाव आणि पासवर्ड यांच्या अवघ्या साठेक जोड्यांच्या बळावर घरोघरचे कॅमेरे आणि राउटर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला या फौजेने अमेरिकेतील ‘डिन’ कंपनीच्या यंत्रणेवर हल्ला चढविला आणि ट्विटरसह अनेक बडी संकेतस्थळे काही तास कोलमडली.

अशा थापांवर सर्वाधिक रूढ झालेला उपाय म्हणजे सर्व्हरची नोंदवही, अर्थात लॉग, वाचून संशयितांना आपोआप दाराबाहेर ठेवणारी यंत्रणा. सिरील जाकिए यांनी २००४ च्या सुमारास सुरू केलेला ‘फेल टू बॅन’ हा मुक्त प्रोग्रॅम त्यातील सर्वांत परिचित. त्याची रीत साधी आहे. पासवर्ड चुकला, की सर्व्हर लॉगमध्ये एक ओळ लिहितो. त्या ओळीत वेळ, वापरलेले नाव आणि समोरच्याचा आयपी पत्ता असतो. अशी ओळ कशी दिसते याचा साचा व्यवस्थापकाने आधीच ठरवून दिलेला असतो. साच्यात बसणाऱ्या ओळी मोजल्या जातात आणि मर्यादा ओलांडताच तो पत्ता अडविण्याचा आदेश फायरवॉलला दिला जातो. मूळ मांडणीत दहा मिनिटांत पाच चुका झाल्या, की दहा मिनिटांची बंदी लागते. वारंवार पकडल्या जाणाऱ्या पत्त्यांसाठी आठवडाभराच्या बंदीचा स्वतंत्र नियमही उपलब्ध आहे.

उपाय स्वस्त आहे आणि सामान्य हल्ल्यांपुरता प्रभावीही. त्यामुळे लहान कंपन्या, महाविद्यालये, छोटी कार्यालये अशा ठिकाणी तो एकदा बसवून विसरला जाणे स्वाभाविक आहे. मात्र खरा धोका या विसरण्यातच आहे. हा पहारेकरी हेतू ओळखत नाही. तो केवळ अक्षरे वाचतो, आणि तीही दुसऱ्याने लिहिलेली.

शब्द बदलला, पहारा सुटला

जुलै २०२४ मध्ये याचा प्रत्यय आला. दूरवरून सर्व्हर हाताळण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘ओपनएसएसएच’ची ९.८ ही आवृत्ती तेव्हा प्रसिद्ध झाली. तिच्या अंतर्गत रचनेत बदल झाल्याने लॉगमधील काही ओळी ‘एसएसएचडी’ऐवजी ‘एसएसएचडी-सेशन’ या नावाने उमटू लागल्या. माणसाच्या लेखी हा फरक क्षुल्लक. परंतु जेथे सर्व्हर नवा आणि साचे जुनेच राहिले, तेथे अशा ओळी साच्यात बसेनाशा झाल्या. धोक्याची घंटा वाजली नाही. पहारेकरी जागेवर होता, पण त्याला काहीच दिसत नव्हते. बंदीची यादी रिकामी असणे हे सुरक्षिततेचे लक्षण मानणाऱ्यांची यात सहज फसगत होऊ शकते. उल्लेखनीय बाब अशी, की याच आवृत्तीत ओपनएसएसएचने वारंवार चुकणाऱ्या पत्त्यांना स्वतःच रोखण्याची सोय मूळ मांडणीत सुरू केली. म्हणजे लॉग वाचण्याचा वळसा न घेता दारातच निर्णय घेण्याकडे कल वाढतो आहे.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. लॉगमधील मजकुराचा काही भाग हल्लेखोरच पुरवितो, कारण लॉगिनचे नाव तोच टाकतो. संशोधक डॅनियल सिड यांनी २००७ मध्येच हे दाखवून दिले होते. नावाच्या जागी चलाखीने रचलेला मजकूर भरला, तर ढिसाळ साचा त्यालाच आयपी पत्ता समजतो आणि भलत्याच निरपराध पत्त्यावर बंदी घालतो. २०१३ मध्ये फेल टू बॅनच्या ‘अपाची’साठीच्या साच्यांमध्ये याच जातीचा दोष आढळला आणि ०.८.१० या आवृत्तीत तो दूर करावा लागला. साचा ओळीच्या आरंभापासून अखेरपर्यंत घट्ट बांधलेला नसेल, तर पहारेकऱ्याची काठी चोराच्याच हाती जाते.

पत्ता म्हणजे माणूस नव्हे

भारतासारख्या देशात तिसरा प्रश्न कळीचा ठरतो. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते साधारण ४३० कोटीच आहेत आणि त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपला. म्हणून मोबाइल व ब्रॉडबँड कंपन्या एकाच पत्त्यामागे असंख्य ग्राहक बसवितात. २००६ च्या अखेरीस विकिपीडियाने एका पत्त्यावर तात्पुरती बंदी घातली, तेव्हा जवळजवळ सारा कतार देश त्या एका पत्त्यामागे असल्याचे उघड झाले होते. ती बंदी माणसाने घातली होती आणि तिचा बोभाटा झाल्याने ती लवकर उठली. यंत्राने गुपचूप घातलेल्या बंदीचा बोभाटा कोण करणार?

दहावी-बारावीच्या निकालाचा दिवस डोळ्यांसमोर आणावा. एका वसतिगृहातील किंवा सायबर कॅफेतील पन्नास मुले एकाच पत्त्यावरून संकेतस्थळावर धडकतात आणि घाईत चुकीचे आसन क्रमांक टाकतात. संकेतस्थळाचा साचा निष्काळजीपणे लिहिला असेल, तर हा त्याच्या लेखी हल्लाच. पुढल्या मुलाला निकालाऐवजी कोरा पडदा दिसेल आणि त्यामागचे कारण सांगणारे कोणी नसेल. उलटपक्षी ज्याच्या हाती हजारो पत्ते आहेत, असा हल्लेखोर प्रत्येक पत्त्यावरून दोन-तीनच प्रयत्न करून मर्यादेच्या आत राहतो. नियम कडक केला तर निरपराध सापडतात आणि सैल ठेवला तर मुरब्बी निसटतात.

जबाबदारी कोणाची?

याचा अर्थ ही यंत्रणा टाकाऊ आहे असा नव्हे. तिचे स्थान मात्र ओळखले पाहिजे. पासवर्डने लॉगिन करण्याची सोयच बंद करून क्रिप्टोग्राफिक किल्लीची सक्ती करणे हा मुख्य बंदोबस्त होय. स्वयंचलित बंदी त्यानंतर येते. बंदी प्रथम अल्प मुदतीची असावी आणि गुन्हा पुन्हा घडला तरच ती वाढावी. आपल्याच कार्यालयाचे पत्ते सवलतीच्या यादीत हवेत, अन्यथा पासवर्ड विसरलेला व्यवस्थापक स्वतःच बाहेर अडकतो. सर्व्हरची आवृत्ती बदलली, की खऱ्या लॉगवर साचे पुन्हा तपासावेत. त्यासाठीचे साधन फेल टू बॅनसोबतच मिळते.

कायद्यानेही हा विषय आता ऐच्छिक ठेवलेला नाही. केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपून ठेवणे, ठरवून दिलेल्या सायबर घटनांची माहिती सहा तासांत कळविणे आणि संगणकांची घड्याळे प्रमाणवेळेशी जुळविणे बंधनकारक आहे. महत्त्वाच्या यंत्रणांची हेतुपुरस्सर चाचपणीही या घटनांमध्ये मोडते. पत्ता अडविला, म्हणून विषय संपला असे समजणारी संस्था येथे चुकते. बंदीची यादी हा तपासाचा आरंभ असतो, शेवट नव्हे.

ही यादी आठवड्यातून एकदा तरी माणसाने वाचावी आणि चुकून अडकलेल्या नागरिकाला दाद मागण्यासाठी एक दूरध्वनी क्रमांक असावा, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. नियम यंत्राने राबविला तरी तो लिहिलेला असतो माणसानेच, आणि त्याचे उत्तरदायित्वही त्याच माणसाकडे राहते.