कुटुंबाचे आरोग्य : जुलाबानंतर मुलाचे पाय लुळे पडले तर...



मुलाला जुलाब झाले, चार दिवसांत थांबले. आठ-पंधरा दिवसांनी ते म्हणते, "आई, पाय दुखतात, उभं राहवत नाही." जिना चढताना पडते. आपण म्हणतो, अशक्तपणा असेल. तेलाने मालीश करतो. शेजारीण सांगते, बाहेरचे झाले, अंगारा लावा. यातच मोलाचे दिवस जातात.

हा गुलियन-बारे सिंड्रोम, म्हणजेच जीबीएस असू शकतो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी भागात त्याची साथ आली. दोनशेहून अधिक रुग्ण झाले. काही रुग्णांच्या शौचात कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू सापडले. ते दूषित पाण्यातून व अर्धकच्च्या कोंबडीतून पोटात जातात.

जंतूंशी लढणारी शरीराची शक्ती चुकून आपल्याच नसांवर हल्ला करते. विजेच्या तारेवरचे रबर सोलले की करंट नीट जात नाही, तसेच नसांचे होते. कमजोरी पायांतून वर चढते. छातीच्या स्नायूंपर्यंत पोहोचली तर श्वास अडतो, व्हेंटिलेटर लावावा लागतो. म्हणून मूल अजून बोलते-खाते आहे, तोवरच मोठे रुग्णालय गाठा. गिळता येईना, आवाज बारीक झाला, दम लागला, तर एक मिनिटही थांबू नका.

उपचार आहे. इम्युनोग्लोब्युलिनची औषधे शिरेतून देतात. ती रक्तदात्यांच्या रक्तद्रवापासून बनतात. मात्रा वजनावर ठरते : किलोमागे एकूण २ ग्रॅम, म्हणजे १५ किलोच्या मुलाला ३० ग्रॅम. पहिल्या दोन आठवड्यांत दिल्यास गुण चांगला येतो. दुसरा उपाय रक्तद्रव बदलण्याचा. या आजारात स्टिरॉइडच्या गोळ्यांचा उपयोग होत नाही.

औषध महाग आहे, म्हणून कर्ज काढण्याआधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. रेशनकार्ड व आधारकार्ड सोबत न्या.

डॉक्टर शौचाचे दोन नमुने मागतील. घाबरू नका. पंधरा वर्षांखालील मुलाचा हात-पाय अचानक लुळा पडला की पोलिओ नाही ना, हे तपासण्याचा तो नियमच आहे.

बहुतेक मुले पुन्हा चालू लागतात, पण महिने लागतात. घरी आल्यावरही व्यायाम सोडू नका. आणि पाणी उकळून गार करूनच प्या. नळाला गढूळ पाणी येत असेल, तर वस्तीने मिळून पालिकेला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.